वेळ लिहून ठेवा

स्वारगेटच्या केबिनमध्ये माझं काम एवढंच:
गाडी आली, लिहा. गाडी सुटली, लिहा.
कात्रजची सहा बावीसची सहा एकतीसला लागली
तर शेऱ्याच्या रकान्यात कारण,
टायर, ट्रॅफिक, मिरवणूक, ड्रायव्हर चहाला.
एकोणीस वर्षं. एकही रकाना मोकळा नाही.

आणि त्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
किती मिनिटं चालली फिट?
मनगटावर घड्याळ होतं.
घरी भिंतीवरही होतं, टपावरून बघितलं तरी दिसेल असं.
मी म्हणालो, खूप.

पाठीतलं इंजेक्शन होऊन नववा दिवस.
कार्तिकी पोहे मागत होती.
त्या गोळ्यांनी तिला पहाटे तीनलाही भूक लागते,
गाल पुरीसारखे फुगलेत,
डोक्यावर केसांच्या नावाने नुसती लव.
"बाबा, शेव जरा जास्त..." म्हणाली
आणि वाक्याच्या मधल्या कुठल्या तरी स्टॉपवर उतरून गेली.
आधी ओठाचा उजवा कोपरा. मग हात.
मग सगळीच.
चमचा फरशीवर वाजत राहिला
(थांबला असेल केव्हाच, मला ऐकू येत राहिला)

धनकवडीतल्या आमच्या चाळीसारख्या इमारतीत
भिंती पातळ आहेत, माणसं लगेच येतात.
खालच्या कुदळेवहिनी कांदा फोडूनच आल्या.
कुणीतरी पायातली चप्पल काढली हुंगवायला.
कुणी म्हणालं, दातात चमचा घाला, जीभ चावेल.
मी घालणार होतो. खोटं कशाला सांगू.
अलकाने माझा हात झटकला,
पोरीला कुशीवर वळवलं,
रोज रात्री पांघरूण घालताना वळवते तसं,
आणि गालाखाली स्वतःचा तळवा ठेवला.
तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फिल्मवर मेंदूच्या मागच्या अंगाला पांढरट धुरकट काही.
औषधानेच झालंय, बाई म्हणाल्या, जातं बहुतेक वेळा.
बहुतेक वेळा. हा शेरा मी ओळखतो.
मग ते औषध बंद?
बंद करून कसं चालेल, तेच तर रक्तातलं मारतंय.
थोडे दिवस थांबू, मग बघू.
मी मान हलवली, जणू मला दोन्ही बाजू पटल्या.

वॉर्डात कोंढव्याच्या अल्फियाचे अब्बा
डबा धुता धुता हळूच विचारतात,
तुमच्या मुलीला किती वेळ?
आमच्या हिला सहा मिनिटं.
मला उत्तर देता येत नाही, आणि लाज वाटते,
परीक्षेत पोरगी बसली अन् मार्क बापाला माहीत नाहीत तशी.
साळवे सिस्टर नाकातला फवारा हातात देतात:
पाच मिनिटं उलटली की हा.
तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा.
आणि भाऊ, वेळ लिहून ठेवा.
मला सांगतात. मला!

दुसरी आली ती घरी, रात्री.
पर्वतीवरचे दिवे खिडकीत, बाकी अंधार.
खिशात डेपोचा कोरा तक्ता होता, घडी घातलेला.
डावा हात तिच्या पाठीवर, त्याच्याखाली ती हादरतेय,
उजव्या हाताने
२.१७ सुरू
२.१९ डोळे वर
२.२० बोटं थांबली
२.२१ लांब श्वास
अक्षर वाईट आलंय. आकडे बरोबर आहेत.
फवारा तसाच मुठीत, टोपण न काढता.

पावणेतीनला ती उठली, घसा कोरडा,
म्हणाली, बाबा तुम्ही एवढे घामेजलात का?
तिच्याजवळ ती चार मिनिटं नाहीतच.
कुठे गेली होती, तिला ठाऊक नाही;
मागाहून कुणी विचारलं तर
माझ्याकडेच विचारावं लागेल.

सकाळच्या पाळीला गेलो. अलका म्हणाली, जा.
निगडीची पहिली गाडी अकरा मिनिटं उशिरा लागली.
नवा पोरगा होता, खिडकीशी येऊन घाईघाईने
काहीतरी कारण सांगायला लागला.
मी म्हटलं, राहू दे रे.
शेऱ्यात लिहिलं, आली.